आधीची गोष्ट आधी वाचावी का?



उन्हाळा आला की आमच्या सुरतेतल्या मराठी मंडळीची निम्मी मुले ताप्ती लाईनच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे आजोळी निघून जातात. मागे राहतात ती, ज्यांच्या आईवडिलांना रजा मिळत नाही. कोणाचे वडील लूमवर, कोणाचे साडी मार्केटमध्ये, कोणाची आई घरी साड्या आणून धागे कापते. व्ही.बी.एस. संपली की या मुलांसाठी आम्ही चारपाच स्वयंसेवक शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गोष्टीचे पुस्तक वाचतो. पुस्तक इंग्रजी असते. एकजण वाचतो, दुसरा मराठीत सांगतो, आणि आमचे मराठी अडले की मुलेच गुजराती नाहीतर हिंदी शब्द पुरवतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सी. एस. लुईस यांचे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' वाचले. जुन्या कपाटातून नार्निया नावाच्या देशात जाणारी चार भावंडे, तिथला न संपणारा हिवाळा, अस्लान नावाचा सिंह, आणि दगाबाज ठरलेल्या एका मुलासाठी त्या सिंहाने दिलेला स्वतःचा जीव. हा सिंह कोणाची आठवण करून देतो हे मुलांना आम्हाला सांगावे लागले नाही. यंदा त्यांनी 'पुढचे पुस्तक' मागितले. आम्ही काढले 'द मॅजिशियन्स नेफ्यू', म्हणजे जादूगाराचा भाचा. हे पुढचे पुस्तक नाही, आधीचे आहे. नार्निया जन्माला कसा आला, ती चेटकीण तिथे कुठून आली, बर्फाळ रानात रस्त्यावरचा दिवा कसा उगवला, ते कपाट कोणत्या लाकडाचे, हे सारे त्यात आहे. अशा पूर्वकथेला मुले आजकाल प्रीक्वेल म्हणतात.

पुस्तक निवडले आणि आम्हा मोठ्यांतच वाद सुरू झाला. तो वाद इथे मांडावासा वाटतो, कारण त्यात सुरुवातीला फक्त पुस्तकांचा क्रम होता, आणि शेवटी आमची स्वतःची एक चूक निघाली.

आधी थोडी ओळख. लुईस आपल्या शहराला अगदीच परके नाहीत. १८४० साली बेलफास्टमध्ये आयरिश प्रेसबिटेरियन मंडळीची पहिली महासभा भरली आणि तिने त्याच वेळी हिंदुस्थानात पाठवायला दोन मिशनरी नेमले. ते काठियावाडात आले. लंडन मिशनरी सोसायटीने सुरतेत १८१५ पासून चालवलेले कामही पुढे याच आयरिश मंडळीकडे आले. आपण मराठी माणसे पोटापाण्यासाठी इथे नंतर आलो, पण ज्यांनी या शहरात शुभवर्तमानाचे काम वाढवले ती माणसे बेलफास्टकडची होती. त्याच बेलफास्टमध्ये १८९८ साली लुईस जन्मले. ते दुसऱ्या मंडळीतले, अँग्लिकन घरातले. तरुणपणी त्यांनी विश्वास सोडला, पुढे ऑक्सफर्डला शिकवत असताना ते प्रभूकडे परतले, आणि १९५० ते १९५६ या सात वर्षांत त्यांची नार्नियाची सात पुस्तके निघाली. 'जादूगाराचा भाचा' १९५५ साली आले, म्हणजे सातांतले सहावे. घडते मात्र सगळ्यांच्या आधी.

आता आमच्यातली मते.

पहिले मत कॉलेजात शिकणाऱ्या एका भावाचे. त्याच्याकडच्या संचात या पुस्तकावर एकचा आकडा आहे. तो म्हणाला, आपण गेल्या वर्षी उलट्या क्रमाने वाचले. गोष्ट सुरुवातीपासून वाचावी, बायबलही उत्पत्तीपासून सुरू होते. त्याच्या म्हणण्याला मोठा आधार आहे. १९५७ साली एका अमेरिकन मुलाने लुईस यांना पत्र लिहिले होते. त्याला पुस्तके घटनांच्या क्रमाने वाचायची होती, त्याच्या आईला वाटे की ती प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने वाचावीत. लुईस यांनी उत्तरात मुलाची बाजू घेतली, आणि क्रमाला फारसे महत्त्व नसावे अशीही पुस्ती जोडली. पुढे १९९४ साली प्रकाशकांनी संचाचे आकडेच बदलले आणि पूर्वकथा पहिली झाली.

दुसरे मत त्याच्याच वयाच्या एका बहिणीचे. ती म्हणाली, मुळात पूर्वकथा हवीच कशाला? 'हंगर गेम्स'ची पूर्वकथा २०२० साली आली, त्यात मूळ मालिकेतल्या खलनायकाचे तरुणपण आहे. तो पुढे काय होणार हे माहीत असताना वाचायचे काय? तिच्या मैत्रिणींत त्यावरून दोन तट पडले होते. ज्या गूढाची मजा होती त्याचा खुलासा करून टाकला की गूढही जाते आणि मजाही, असे तिचे म्हणणे.

तिसरे मत आमच्या एका रिक्षावाल्या काकांचे. ते मुलांना घरून आणतात आणि सोडतात, मधल्या वेळात मागच्या बाकावर बसून ऐकतात. काही प्रकरणे झाल्यावर ते म्हणाले, गेल्या वर्षीपेक्षा हेच बरे आहे. कारण विचारले तर हसले. या गोष्टीत लंडनचा एक घोडागाडीवाला चुकून नव्या जगात पोचतो. सगळीकडे काळोख, काही दिसत नाही, तेव्हा हाच माणूस म्हणतो की आपण एखादे स्तोत्र गाऊ. तो आणि मुले सुगीचे उपकारस्तुतीचे स्तोत्र गातात. त्यानंतर अंधारात दुसराच एक आवाज सुरू होतो, सिंहाचा, आणि त्या गाण्यातून तारे, डोंगर, गवत, प्राणी असे सगळे जग उभे राहते. त्या जगाचा पहिला राजा होतो हा गाडीवाला, आणि पहिली राणी त्याची बायको, जी कपडे धूत असताना हाताला साबणाचा फेस तसाच घेऊन तिथे बोलावली जाते. काका म्हणाले, "बघा, सिंहाला साहेब लोक सापडले नाहीत असं नाही. मामा होता की तिथे, शिकलेला." हे मत आम्हाला सर्वांत आवडले.

मामाबद्दल एक गोष्ट मराठीत सांगताना कळली. इंग्रजी नावातल्या शब्दावरून तो पुतण्या की भाचा हे समजत नाही. मराठीत ठरवावेच लागते. गोष्टीतला डिगरी हा मुलगा आईच्या माहेरी राहतो, कारण आई खूप आजारी आहे आणि वडील दूर हिंदुस्थानात नोकरीला आहेत. (हे वाचले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.) अँड्र्यू हा त्याच्या आईचा भाऊ, म्हणजे मामा. आपल्याकडे मामाचे घर म्हणजे लाडाचे घर. हा मामा मात्र भाच्याच्या मैत्रिणीला, पॉलीला, फसवून जादूची अंगठी घालायला लावतो आणि अनोळखी जगात पाठवून देतो, स्वतःच्या अंगाला धोका नको म्हणून. मुले खरोखर चिडली. "मामा असा असतो का?" एकाने विचारले. पापाची व्याख्या शिकवण्यात संडे स्कूलचे किती रविवार जातात. इथे एका नात्याने काम केले.

आता क्रमाबद्दल आमचे मत. आम्ही त्या अमेरिकन मुलाच्या आईच्या बाजूचे आहोत, लेखकाचा मान राखूनसुद्धा. आधीची गोष्ट नंतर वाचावी.

एक कारण पुस्तकातच आहे. कपाटाच्या गोष्टीत अस्लानचे नाव पहिल्यांदा निघते तेव्हा लेखक स्पष्ट सांगतो की तो कोण हे त्या भावंडांना ठाऊक नव्हते, आणि वाचकालाही ठाऊक नाही. पूर्वकथा आधी वाचलेल्याला ही ओळ खोटी पडते. उलट, गेल्या वर्षी सिंहाचा मृत्यू ऐकलेल्या मुलांना यंदा अंधारात गाणे सुरू झाले तेव्हा कोणीतरी ओळखीचे आल्यासारखे वाटले. "तोच आहे!" असे दोघे एकदम ओरडले. रानात दिवा उगवला तेव्हाही तसेच. दुसऱ्या मताच्या बहिणीलाही आम्ही हेच सांगतो. गूढ उकलले म्हणून मजा जातेच असे नाही. ज्याच्यावर प्रेम बसले त्याचे बालपण ऐकताना कंटाळा येत नाही. लग्न होऊन आलेली सून सासूकडून नवऱ्याच्या लहानपणीच्या खोड्या ऐकते ते काय पुढे काय झाले हे माहीत नसते म्हणून?

दुसरे कारण आपल्या विश्वासातले आहे. शुभवर्तमाने कशी लिहिली गेली ते पाहा. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्काचे शुभवर्तमान सर्वांत आधीचे. त्यात पाळणा नाही, मेंढपाळ नाहीत, मोठा झालेला येशू सरळ यार्देनेवर बाप्तिस्मा घ्यायला येतो. मत्तय आणि लूक मागे जाऊन जन्माची हकिगत सांगतात. आणि सर्वांत शेवटी लिहिले गेलेले योहानाचे शुभवर्तमान सर्वांत मागे जाते, जग होण्याच्याही आधी. मंडळीने प्रभूला आधी ओळखले, त्याचे मरण आणि उठणे अनुभवले, आणि मग त्याच्या आरंभाची गोष्ट तिच्या ओठी आली.

आपल्या मराठी मंडळीतही असेच झाले आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुस्तक सोडवेना. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. सृष्टीच्या उत्पत्तीचा उलगडा झाला म्हणून ते आले नाहीत. आधी बोलणारा भेटला, उलगडे मागून आले. आपल्यापैकी कितीजण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले प्रश्न सुटल्यावर विश्वासात आले? आधी भेट, मग खुलासा. हाच क्रम आम्हाला खरा वाटतो.

इथे आमचा लेख संपला असता. पण आमच्यातल्या नर्स असलेल्या एका ताईंचे मत अजून सांगितलेले नाही. त्यांना क्रमाशी देणेघेणे नव्हते. त्या म्हणाल्या, हे पुस्तक यंदा या मुलांसमोर वाचूच नका.

कारण आमच्या गटातली एक मुलगी. तिच्या वडिलांना विचारूनच हे लिहीत आहोत, ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही. तिची आई दीड वर्ष आजारी होती आणि गेल्या पावसाळ्यात देवाघरी गेली. आणि या गोष्टीत डिगरीची आई अंथरुणाला खिळलेली आहे, वरच्या मजल्यावर ती आहे म्हणून मुलांना घरात हळू बोलावे लागते, आणि शेवटी ती बरी होते. जादूच्या बागेतले सफरचंद खाऊन. ताईंचा प्रश्न सरळ होता. जिची आई बरी झाली नाही तिला हे ऐकवून तुम्ही काय सांगणार आहात?

या प्रश्नापुढे आम्ही गप्प झालो, कारण आम्हाला आमचेच शब्द आठवले. तिच्या घरी प्रार्थनेला जायचो तेव्हा निघताना आम्ही त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचो, "विश्वासाने प्रार्थना कर, आई नक्की बरी होणार." एकदा नाही, दर आठवड्याला. आम्हाला धीर द्यायचा होता. आणि खरे सांगायचे तर आम्हाला तिथून लवकर निघायचेही होते, कारण त्या खोलीत बसवत नसे. आई गेल्यावर ती मुलगी संडे स्कूलला येत राहिली, पण प्रार्थनेचे विषय विचारले की हात वर करीनाशी झाली. आम्ही ते पाहिले आणि लाजून पाहिले नाहीसे केले.

लुईस यांच्या आयुष्यात हेच घडले होते हे आम्हाला तेव्हा नीट उमगले. त्यांची आई १९०८ च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने गेली. तो मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. विश्वासाने केलेली प्रार्थना फळते असे त्याने ऐकले होते, म्हणून त्याने मनाचा निश्चय करून आईसाठी प्रार्थना केली, आणि ती गेल्यावरही काही काळ चमत्काराची वाट पाहिली. थोड्याच आठवड्यांत त्याला समुद्रापलीकडच्या शाळेत पाठवून दिले गेले. त्यांचे आत्मचरित्र १९५५ सालीच निघाले, याच पूर्वकथेच्या वर्षी. त्यात ते स्वतःच सांगतात की त्या वेळी देवाकडे जाताना मनात प्रेम नव्हते, धाकही नव्हता. देव म्हणजे जणू एक जादूगार, ज्याने सांगितलेले काम करावे आणि निघून जावे, अशी त्या लहान मुलाची समजूत होती.

जादूगार. पुस्तकाच्या नावातला तो शब्द आम्हाला तोवर फक्त दुष्ट मामाचा वाटत होता. आम्ही त्या मुलीच्या हाती जो देव दिला होता, तोही प्रभू येशूचे नाव लावलेला जादूगारच होता. विश्वासाचे इतके माप टाका, आई बरी करून घ्या. माप कमी पडले तर दोष कोणाचा? लेकराचाच.

तरीही वाचावे की नाही हे ठरेना. शेवटी तिच्या वडिलांना विचारले. ते म्हणाले, "वाचा. घरात तिच्या आईचं नाव कोणी काढत नाही. पुस्तकात तरी निघू दे."

म्हणून वाचले. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी तो प्रसंग सांगतो. डिगरीच्याच चुकीने चेटकीण नव्या जगात शिरली आहे. एका मेलेल्या शहरातली घंटा त्याने कुतूहलाने वाजवली आणि ती जागी झाली. आता सिंह त्याला विचारतो, झालेले वाईट निस्तरायला तू तयार आहेस का? मुलगा हो म्हणतो, आणि त्याच दमात आईसाठी काहीतरी द्या म्हणून गयावया करतो. तोवर तो सिंहाचे पंजे आणि नखेच बघत असतो. आता तो मान वर करून तोंडाकडे बघतो, तर सिंहाच्या डोळ्यांत मोठाले अश्रू असतात. इतके मोठे की क्षणभर मुलाला वाटते, माझ्या आईचे दुःख माझ्यापेक्षा यालाच जास्त आहे की काय.

सिंह त्या वेळी आई बरी होईल असे वचन देत नाही. तो मुलाला कामाला पाठवतो. लांबच्या बागेतून एक सफरचंद आणायचे, त्यातून नार्नियाचे रक्षण करणारे झाड उगवेल. बागेत चेटकीण त्याला गाठते आणि म्हणते, हे फळ सिंहाला कशाला, सरळ आईकडे घेऊन जा, आईला मरू देणारा तू कसला मुलगा? मुलाचे मन डळमळते. पण पॉलीला इथेच सोडून जा असे ती म्हणते तेव्हा त्याला तिचा खोटेपणा कळतो. तो फळ सिंहाकडे आणतो. नंतर सिंह स्वतःहून दुसरे फळ देतो आणि आई बरी होते. चोरून नेले असते तरी ती बरी झाली असती, पण त्या बरे होण्यात दोघांनाही सुख लाभले नसते, असेही सिंह सांगतो.

हे शेवटचे बोल आम्हाला जड गेले. नर्स ताई म्हणाल्या, हे लहान मुलाला समजण्यासारखे नाही, आणि दुःखी माणसाला ऐकवण्यासारखे तर नाहीच. आम्हाला त्यांचे म्हणणे अर्धे पटते. समजावून सांगता येईल असे ते वाक्य नाही. म्हणून आम्ही त्यावर काही बोललो नाही, वाचले आणि पुढे गेलो.

पुस्तक संपल्यावर दर वर्षीप्रमाणे मुलांकडून आवडले-नावडले लिहून घेतले. एकाने लिहिले, अंगठी मिळाली तर गणिताच्या तासाला घालीन. एकाने लिहिले, घोड्याला पंख फुटतात ते सर्वांत भारी. एकीने लिहिले, मामाला शिक्षा कमी झाली. आणि त्या मुलीच्या कागदावर तीनच ओळी होत्या: "आई बरी झाली ते मला आवडलं नाही, पण राग पण नाही आला. सिंह रडला ते आवडलं. आमच्याकडे सगळे मला म्हणाले रडू नको."

तो कागद आम्ही पाळकसाहेबांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला आणि फक्त म्हणाले, योहान अकरावा अध्याय काढा. तो अध्याय आपल्याला पाठ असतो, पण त्या दिवशी नव्याने वाचला. मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर मेला आहे. चार दिवसांनी प्रभू येतो. आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत आहे. थोड्याच वेळात सगळे बदलणार आहे. तरीही मरीयेला रडताना पाहून तो व्याकूळ होतो आणि स्वतः रडतो. रडू नको असे तो तिला म्हणत नाही. जग होण्याच्या आधीपासून सुरुवात करणारे ते योहानाचे शुभवर्तमान, त्यानेच लाजराच्या कबरेपाशी गाळलेले हे अश्रू जपून ठेवले आहेत. ज्याच्या शब्दाने सर्व झाले, तोच तिथे रडत उभा आहे. योहानाने लिहिलेली ही आधीची गोष्ट आपल्याला दिव्याचे आणि कपाटाचे मूळ सांगत नाही, पण आरंभी कोण होता ते सांगते.

म्हणून आमचे मत असे. पूर्वकथा जरूर वाचावी. मुलांना द्यावी, मोठ्यांनीही वाचावी. पण दुसरी वाचावी, सिंहाची ओळख झाल्यावर. आणि ज्या घरात दुःख आहे तिथे तर हा क्रम विसरूच नये. कसे झाले, का झाले, देवाने हे का होऊ दिले, याचे खुलासे घेऊन आपण त्या घराचा उंबरा ओलांडू नये. त्यांची वेळ येईल किंवा येणारही नाही. आधी मान वर करून त्या तोंडाकडे बघायला मदत करावी, जिथे अश्रू आहेत.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणे सोडा असे कोणी यातून समजू नये. आम्ही करतो, बरे होण्यासाठीच करतो, आणि प्रभूने बरी केलेली माणसे आमच्या मंडळीत आहेत. पण यापुढे कोणाच्याही लेकराला आम्ही 'नक्की' हा शब्द देणार नाही. तो शब्द देणे आमच्या हातात नव्हते. आणि घरी गेलो तर लवकर उठणार नाही.

गेल्या रविवारी आम्ही त्या मुलीची माफी मागितली. जमले तसे, थोडक्यात. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि खेळायला गेली. तिने हात वर केला का, असे कोणी विचारतील. अजून नाही. आम्ही मोजत नाही.

ज्या घरांत या वर्षी एक ताट कमी मांडले जाते, त्या सर्वांसाठी या आठवड्यात आपण प्रार्थना करूया. हे प्रभू, आम्हांला समजावण्याची घाई देऊ नकोस. रडणाऱ्यांजवळ बसायला शिकव. आमेन.